समूहगानापूर्वीची शारीरिक तयारी

प्रजासत्ताकदिनाची सकाळ आहे. ध्वजवंदन आटोपले आहे. ग्रामपंचायतीसमोरील पटांगणात गावकरी मंडळी जमली आहेत आणि शाळेतील पंचवीस मुलेमुली समूहगीतासाठी ओट्यावर उभी आहेत. महिनाभर वर्गात घोटलेले गीत काल सायंकाळी उत्तम झाले होते. पेटीवर षड्ज दिला जातो, गाण्यास आरंभ होतो आणि शिक्षकांच्या लक्षात येते की, हे कालचे गाणे नव्हे. पहिली ओळ निम्म्याच मुलांनी उचलली आहे. खांदे कानांपर्यंत चढले आहेत. लय क्षणोक्षणी पुढे धावत आहे. तार स्वर आला की मानेच्या शिरा ताठ होतात आणि स्वराऐवजी किंकाळी उमटते. शेवटच्या रांगेतील तीनचार मुले केवळ ओठ हलवीत आहेत. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर एक मुलगी भोवळ येऊन खाली बसते. गीत कसेबसे संपते, गावकरी कौतुकाने टाळ्या वाजवितात आणि मुले मान खाली घालून उतरतात.

हा अनुभव कोणा एका शाळेचा नाही. अशा वेळी “मुले घाबरली” एवढेच म्हणून विषय संपविण्यात येतो. हे निदान खोटे नाही, परंतु अपुरे आहे. भीती मनात उत्पन्न होत असली, तरी ती ठाण मांडते शरीरात: गुडघ्यांत, खांद्यांत, जबड्यात आणि श्वासात. गाण्याचे वाद्यही हेच शरीर होय. म्हणून मनाला “घाबरू नकोस” असे सांगण्यापेक्षा शरीराला मोकळे करणे हा अधिक जवळचा आणि शिक्षकाच्या हातातला उपाय आहे. त्यासाठी साहित्य लागत नाही, पैसा लागत नाही. रोजची दहा मिनिटे लागतात.

१. वाद्य लावण्याची रीत

हलगी वाजविणारा कलावंत ती शेकल्यावाचून वाजवावयास घेत नाही. गवताचा किंवा कागदाचा जाळ करून तो कातडे तापवितो, बोटाने टिचकी मारून पाहतो आणि नाद खणखणीत आला म्हणजे मगच मिरवणुकीत शिरतो. तबलजी हातोडीने गठ्ठे ठोकून सूर मिळवितो. गवई तंबोरा लागल्याशिवाय तोंड उघडीत नाही. पहिलवान अंग गरम केल्याशिवाय आखाड्यात उतरत नाही. केवळ शाळेतील मुलांनी मात्र थंडीत काकडत, तासभर भाषणे ऐकून अवघडलेल्या अंगाने, एकाएकी उठून गोड गावे अशी आपली अपेक्षा असते.

आवाज कसा निघतो हे थोडक्यात ध्यानात घेतले म्हणजे पूर्वतयारीचे प्रयोजन स्पष्ट होईल. छातीच्या पिंजऱ्याच्या तळाशी घुमटासारखा एक पातळ व रुंद स्नायू असतो; त्यास श्वासपटल म्हणतात. तो खाली दबला की फुप्फुसांत हवा येते आणि पोट किंचित पुढे येते. बाहेर जाणारी हवा गळ्यातील स्वरयंत्रातून जाताना तेथील दोन स्वरतंतू कंप पावतात. प्रौढ पुरुषाच्या बोलण्यात हे कंप सेकंदाला सुमारे १०० ते १३० असतात, तर प्राथमिक शाळेतील मुलांच्या बोलण्यात साधारणतः २५० ते ३००. हा मूळचा बारीक ध्वनी घसा, तोंड व नाक यांच्या पोकळ्यांत घुमतो आणि त्यास आपण ओळखतो ते रूप प्राप्त होते. म्हणजे श्वास, कंप आणि घुमारा अशी गायनाची तीन अंगे झाली.

भीती ह्या तिन्ही अंगांवर एकदम घाला घालते. श्वास उथळ होऊन छातीच्या वरच्या भागात अडकतो, म्हणून ओळ अर्ध्यावर तुटते. गळ्याभोवतालचे स्नायू आवळतात, म्हणून स्वर चढा व कर्कश होतो. जबडा घट्ट मिटतो व तोंडास कोरड पडते, म्हणून शब्द कळत नाहीत. हृदयाची गती वाढते आणि तिच्याबरोबर गीताची लयही धावू लागते. ह्या साखळीची प्रत्येक कडी शरीराच्या हालचालीने सैल करता येते.

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. शारीरिक पूर्वतयारी ही चालीच्या सरावाची जागा घेऊ शकत नाही. गीत पाठ नसेल, पट्टी चुकली असेल किंवा चाल मुलांच्या आवाक्याबाहेरची असेल, तर कितीही हातपाय झटकले तरी गाणे सुधारणार नाही. जे मुलांना येते ते रंगमंचावर त्यांच्याकडून निसटू नये, एवढेच ह्या तयारीचे काम आहे. पण ते काम लहान नाही.

२. आपल्या परंपरेतील आधार

शरीर हलवून गाणे ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. वारीच्या वाटेवर टाळकरी पावली खेळतात तेव्हा शेकडो माणसे एका लयीत गातात. तेथे समोर उभा राहून हात हलविणारा कोणी नसतो. लय पावलांनी धरलेली असते, म्हणून गळ्यास ती वेगळी सांभाळावी लागत नाही. जात्यावरच्या ओवीची लांबी जात्याच्या फेऱ्याने मोजली गेली आहे. झिम्मा, फुगडी, लेझीम या सर्वांत अंग व गळा एकत्रच चालतात. गावातील मूल हे सारे पाहत वाढलेले असते. परंतु तेच मूल शाळेच्या ओट्यावर उभे राहिले की त्यास आपण “सावधान”च्या स्थितीत ताठ उभे करतो आणि त्याच्या अंगातील लय काढून घेतो.

युरोपात ह्याच प्रश्नाचा विचार एमिल जाक-डालक्रोझ (१८६५–१९५०) ह्या संगीतशिक्षकाने केला. जिनिव्हा येथील संगीतविद्यालयात शिकविताना त्याच्या ध्यानात आले की, विद्यार्थ्यांना स्वरांचे लेखन व नियम येतात, परंतु लय अंगात भिनलेली नसते. त्याने विद्यार्थ्यांना चालावयास, थांबावयास, हात फिरवावयास लावून संगीत शिकविण्याची पद्धती तयार केली आणि १९१५ साली त्याच शहरात तिच्यासाठी संस्था स्थापन झाली. अलीकडे, २०१३ साली, स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी एकत्र गाणाऱ्या तरुणांच्या हृदयाच्या ठोक्यांचे मापन प्रसिद्ध केले. गीताच्या रचनेमुळे सर्वजण एकाच ठिकाणी श्वास घेतात आणि त्यामुळे त्यांच्या हृदयाची गती बरोबरीने वाढते व उतरते, असे त्यांस आढळले. एकत्र गाणे हे आधी एकत्र श्वास घेणे होय, ही गोष्ट भजनी मंडळास ठाऊकच होती. आता ती यंत्रानेही नोंदली.

३. दहा मिनिटांचा क्रम

पुढील क्रम इयत्ता तिसरी ते सातवीच्या मुलांसाठी आहे. मुलांनी वर्तुळात उभे राहावे आणि शिक्षकांनी वर्तुळातच उभे राहून प्रत्येक कृती स्वतः करावी. बाजूस उभे राहून केवळ आज्ञा देऊ नयेत. गुरुजी किंवा बाई स्वतः हात झटकताना, तोंड वेडेवाकडे करताना दिसल्या, की मुलांचा निम्मा संकोच तेथेच जातो.

(१) झटकणे – १ मिनिट. उजवा हात आठ वेळा, डावा हात आठ वेळा, उजवा पाय आठ वेळा, डावा पाय आठ वेळा झटकावा. नंतर प्रत्येकी चार वेळा, मग दोन वेळा आणि शेवटी एकेक वेळा. अंक सर्वांनी हलक्या आवाजात मोजावेत, ओरडून नव्हे. सेकंदास एक ह्या गतीने एकूण साठ झटके होतात, म्हणजे बरोबर एक मिनिट. ह्यात अंग गरम होते आणि सर्वांची गणती एका लयीत येते.

(२) उभे राहणे – १ मिनिट. दोन्ही पावले खांद्यांच्या रुंदीइतकी दूर ठेवावीत. गुडघे एकदा पूर्ण ताठ करावेत, मग किंचित सैल सोडावेत. हा भेद मुलांना दोनतीन वेळा अनुभवू द्यावा. नंतर पावले न उचलता, वाऱ्यावर डोलणाऱ्या जोंधळ्याच्या ताटाप्रमाणे पुढेमागे व दोन्ही बाजूंस हलके डोलावे आणि मध्यावर येऊन स्थिर व्हावे. पाठ सरळ, पण छाती फुगविलेली नको.

ह्या कृतीचे महत्त्व विशेष आहे. गुडघे ताठ करून दीर्घकाळ निश्चल उभे राहिल्यास रक्त पायांत साठते. पिंढऱ्यांच्या हालचालीने ते एरवी वर ढकलले जाते. ती हालचाल थांबली की मेंदूस होणारा पुरवठा क्षणभर उणा पडतो आणि मुलास भोवळ येते. आरंभी वर्णिलेल्या मुलीचा अशक्तपणा हेच एक कारण असेल असे नाही. तासभर ताठ उभे राहणे हेही कारण असू शकते.

(३) खांदे व मान – दीड मिनिट. श्वास घेत खांदे कानांपर्यंत उचलावे, चार अंक धरावे आणि “हा” असा सुस्कारा टाकीत एकदम सोडावे. असे तीन वेळा. नंतर खांदे मागच्या दिशेने पाच वेळा फिरवावे. मान सावकाश उजव्या खांद्याकडे, मग डाव्या खांद्याकडे वळवावी आणि हनुवटी छातीकडे आणावी. मान गरगर फिरवू नये व मागे झटका देऊन टाकू नये.

(४) चेहरा, जबडा, जीभ – १ मिनिट. उसाचे कांडे चघळल्याप्रमाणे मोठ्याने पण सावकाश चावण्याचा अभिनय करावा. लिंबू चाखल्यासारखा चेहरा आक्रसावा, लगेच आश्चर्य वाटल्यासारखा उघडावा. जीभ बाहेर काढून सिंहमुद्रा करावी. शेवटी “ल ल ल”, “त त त”, “प प प” ही अक्षरे जलद पण स्पष्ट म्हणावीत. येथे मुले हसतील. त्यांना हसू द्यावे. हसताना जबडा व श्वासपटल दोन्ही मोकळी होतात.

(५) श्वास – २ मिनिटे. मुलांनी स्वतःचा एक तळवा पोटावर व दुसरा बरगड्यांच्या बाजूवर ठेवावा. मोगऱ्याचे फूल हुंगावे तसा सावकाश श्वास घ्यावा. पोटावरील हात पुढे सरकावा, खांदे मात्र हलू नयेत. मग सायकलच्या चाकातून हवा सुटावी तसा “स्‌” असा बारीक, एकसारखा आवाज करीत आठ अंकांपर्यंत श्वास सोडावा. पुढील वेळी बारा, नंतर जमल्यास सोळा. त्यानंतर फुंकणीने चूल फुंकावी तसे “फू, फू, फू, फू” असे चार छोटे फुंकार टाकावे. पोटावरील हातास प्रत्येक फुंकाराचा धक्का जाणवेल. दीर्घ श्वास सलग चारपाचहून अधिक वेळा घ्यावयास लावू नयेत. चक्कर येण्याचा संभव असतो.

(६) आवाज जागा करणे – २ मिनिटे. ओठ मिटून, दात किंचित विलग ठेवून भुंग्यासारखे गुंजन करावे. गालांवर व नाकाच्या कण्यावर बोट ठेवल्यास थरथर जाणवते. नंतर लहान मूल तोंडाने मोटार चालविते तशी ओठांची फुरफुर करावी आणि तशीच फुरफुर करीत आवाज खालून वर व वरून खाली न्यावा. तोंड अर्धवट मिटलेले असले म्हणजे हवेचा थोडा दाब मागे स्वरतंतूंवर राहतो आणि ते एकमेकांवर जोराने न आदळता कंप पावतात. म्हणून मोठ्याने गाण्यापूर्वी ह्या कृती कराव्यात. पुढे “ऊ” ह्या स्वरावर झोका वर जातो व खाली येतो तसा आवाज फिरवावा. शेवटी सा रे ग म प, प म ग रे सा हे “ना” अक्षरावर हलक्या आवाजात म्हणावे आणि प्रत्येक वेळी एक पट्टी वर चढावी. चारपाच पट्ट्या पुरेत.

(७) ताल – दीड मिनिट. गीत केरव्यात असल्यास आठ मात्रांची, दादऱ्यात असल्यास सहा मात्रांची पावले जागच्या जागी टाकावीत. आधी केवळ पावले, मग पावलांबरोबर गीताचे शब्द बोलावेत, नंतर गावेत. शेवटी एक खेळ करावा: शिक्षकांनी मूठ मिटली की सर्वांनी गाणे मनातल्या मनात चालू ठेवावे, पावले तशीच, मूठ उघडली की आवाज पुन्हा बाहेर यावा. सर्वजण एकाच अक्षरावर प्रकट झाले तर समजावे की लय अंगात उतरली आहे.

४. काही सावधगिऱ्या

ही कवायत नव्हे आणि शिक्षा तर नव्हेच. म्हणून ह्या क्रमात उठाबशा घालू नयेत. व्यायाम म्हणून त्या वाईट नाहीत, परंतु पिढ्यान्‌पिढ्या त्यांचे नाते शिक्षेशी जडले आहे आणि त्या दिसताच मुलाचे अंग आक्रसते. बालकांच्या शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास यांस बंदी केली आहे. चुकणाऱ्या मुलास “तू दहा वेळा जास्त झटक” असे सांगणे हेही त्याच प्रकारात मोडते.

मुलांच्या पोटास किंवा गळ्यास शिक्षकांनी हात लावून दाखवू नये. स्वतःच्या शरीरावर दाखवावे, मुलांनी स्वतःच्या शरीरावर अनुभवावे. दमा असलेल्या किंवा प्रकृतीने नाजूक मुलाने जमेल तेवढेच करावे. ज्यास उभे राहणे किंवा चालणे शक्य नाही, त्याच्यासाठी सर्व क्रम बसून करता येतो. ताल पावलांऐवजी मांडीवरील थापेने धरावा. किंबहुना अधूनमधून साऱ्या गटानेच तो बसून करावा, म्हणजे कोणी वेगळा पडत नाही.

शालेय भोजनानंतर लगेच हा क्रम करू नये. लवंग, खडीसाखर यांनी तोंडास बरे वाटते, पण गिळलेला पदार्थ अन्ननलिकेतून जातो, स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही. दिवसभर थोडेथोडे पाणी पिणे हेच आवाजाचे खरे औषध होय.

पट्टीचा विचार नीट करावा. पुरुष शिक्षक आपल्या सोयीच्या पट्टीत गीत शिकवितात आणि मुले खर्जात कुजबुजतात अथवा वर किंचाळतात. साधारणतः आठ ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी गीतातील सर्वांत खालचा स्वर पेटीच्या मध्य सप्तकातील पांढरी एकच्या फार खाली आणि सर्वांत वरचा स्वर तार सप्तकातील पांढरी दोनच्या वर जाऊ नये. षड्ज कोणता घ्यावा हे गीताच्या ह्या दोन टोकांवरून ठरवावे, सवयीवरून नव्हे. सातवीतील ज्या मुलांचा आवाज फुटू लागला आहे, त्यांची थट्टा होऊ देऊ नये व त्यांस वरच्या स्वरांचा आग्रह करू नये. कोणत्याही मुलाचा आवाज दोनतीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला, तर डॉक्टरांना दाखविण्यास पालकांना सांगावे.

५. “तू नुसते ओठ हलव”

आता शेवटच्या रांगेकडे वळू. गाणे बिघडू नये म्हणून ज्या मुलांना ओठ हलविण्यास सांगितले जाते, ती मुले जवळपास प्रत्येक शाळेत असतात. सांगणाऱ्या शिक्षकांच्या मनात दुष्टावा नसतो. स्पर्धा जवळ आलेली असते, परीक्षक गुण देणार असतात. परंतु नऊ वर्षांच्या मुलीस त्या चार शब्दांतून जे कळते ते असे: तू येथे दिसावीस, पण ऐकू येऊ नयेस. पुढे ती मोठी होते, आई होते, आणि “मला गाता येत नाही” हे वाक्य आयुष्यभर जपते. एखाद्या ढालीची किंमत एवढी असू नये.

वस्तुस्थिती अशी आहे की, स्वर ओळखण्याची शक्तीच नसलेली माणसे फार थोडी असतात. बहुतेक “बेसूर” मुलांच्या बाबतीत कान व गळा यांची जोड पक्की झालेली नसते, अथवा भीतीने गळा एकाच स्वरावर अडकलेला असतो. कित्येकदा असे मूल आवाज चढवितच नाही. ते बोलण्याच्याच उंचीवर शब्द म्हणत राहते. त्याच्यासाठी वरील क्रमातील सहावी कृती हीच गुरुकिल्ली आहे. फुरफुर किंवा झोका घेताना “बरोबर” व “चूक” असे काही नसते, सर्वांचेच आवाज वरखाली फिरत असतात. त्या गलक्यात त्या मुलाचा आवाज प्रथमच आपल्या नेहमीच्या जागेवरून हलतो.

ह्यापुढील पायऱ्या अशा. एक: मुलाने जो स्वर काढला असेल, तो शिक्षकांनी स्वतः काढावा आणि पेटीवर वाजवून दाखवावा. मुलाने शिक्षकांचा स्वर गाठण्याऐवजी शिक्षकांनी मुलाचा स्वर गाठावयाचा. दोन आवाज एक झाल्यावर कानास जे सुख वाटते, ते त्यास पहिल्यांदा कळू द्यावे. दोन: तेथून एकच पट्टी वर जावे व त्यास बरोबर न्यावे. तीन: मुलाने एका हाताचा तळवा कानामागे धरून गावे, म्हणजे स्वतःचा आवाज स्वतःस ऐकू येतो. चार: त्यास शेवटच्या रांगेतून काढून दोन सुरेल मुलांच्या मध्ये उभे करावे. सूर पाठीमागून ऐकू येत नाही, शेजारून येतो. हे काम रोज दोन मिनिटे, इतर मुलांसमोर नव्हे, असे करावे. यश एका आठवड्यात येणार नाही. कधी महिना लागेल, कधी सत्र. कार्यक्रमापर्यंत ते मूल सर्व गीत सुरात म्हणू शकले नाही, तर जेवढे धृपद त्यास येते तेवढे त्याने मोकळ्या गळ्याने म्हणावे आणि उरलेल्या ठिकाणी टाळ, खंजिरी किंवा टाळीचा ताल सांभाळावा. मात्र खोटे ओठ हलविण्यास त्यास सांगू नये.

६. कार्यक्रमाच्या दिवशी

कार्यक्रमाच्या सकाळी मुलांनी काही खाल्ले आहे ना, हे प्रथम पाहावे. भाषणे चालू असताना गाणाऱ्या मुलांना ओट्याशेजारी उभे करून ठेवू नये, सावलीत बसवावे. गीतापूर्वी सुमारे पंधरा मिनिटे त्यांस शाळेच्या मागील बाजूस किंवा झाडाखाली न्यावे आणि झटकणे, खांदे, श्वास व गुंजन एवढा चार मिनिटांचा संक्षिप्त क्रम करावा. ह्या वेळी नवी सूचना देऊ नये, चुकांची आठवण करून देऊ नये व रागावू नये. जे वर्गात दुरुस्त झाले नाही, ते झाडाखाली होणार नाही.

ओट्यावर ओळीने, ठरलेल्या लयीत चालत जावे. रांगा किंचित अर्धवर्तुळाकार असाव्यात, उंच मुले मागे; प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंस वीतभर जागा असावी, कारण खांद्यास खांदा घासला की श्वास आखडतो. प्रत्येकास शिक्षकांचा हात दिसला पाहिजे. गुडघे सैल, हात बाजूस मोकळे. प्रतीक्षा करावी लागल्यास बुटांच्या किंवा चपलांच्या आत पायांची बोटे हलवीत राहावे. ते कोणास दिसत नाही आणि भोवळ टळते. ध्वनिवर्धक एकच असल्यास तो मध्यभागी, पहिल्या रांगेपासून काही पावले दूर ठेवावा; त्याच्याकडे मुलांनी झुकू नये.

षड्ज मिळाला की सर्वांनी तो ओठ मिटून गुंजावा. शिक्षकांनी हात वर नेला की सर्वांनी एकदम श्वास घ्यावा, हात खाली आला की पहिला शब्द. निम्म्या मुलांनी पहिली ओळ सोडणे हा प्रकार बहुधा ह्या एका श्वासाने थांबतो. शेवटचा स्वर संपल्यावर दोन मात्रा स्तब्ध राहावे, नमस्कार करावा आणि आल्या लयीत उतरावे.

लय धावते की नाही, हे पाहण्याची सोपी कसोटी राष्ट्रगीताने मिळते. पूर्ण राष्ट्रगीतास सुमारे ५२ सेकंद लागावेत असा संकेत आहे. परिपाठाच्या वेळी घड्याळ लावून पाहावे. मुले पंचेचाळीस सेकंदांतच संपवीत असतील, तर जागच्या जागी पावले टाकण्याचा सराव वाढवावा. मात्र राष्ट्रगीत चालू असताना नव्हे, कारण तेव्हा स्थिर उभे राहावयाचे असते.

७. चार आठवड्यांची आखणी

पहिल्या आठवड्यात पहिल्या चार कृतीच घ्याव्यात व गीताचे शब्द आणि अर्थ समजावून द्यावे. दुसऱ्या आठवड्यात श्वास व गुंजन मिळवावे आणि कोठे श्वास घ्यावयाचा, ते फळ्यावरील गीतात खडूची खूण करून ठरवावे. तिसऱ्या आठवड्यात ताल मिळवावा व संपूर्ण गीत पावलांसह गावे. चौथ्या आठवड्यात पावले थांबवून लय मनात ठेवावी, आणि निदान दोनदा दुसऱ्या वर्गासमोर, शक्य तर प्रत्यक्ष ओट्यावर, चालत येण्यापासून उतरण्यापर्यंत सर्व करून पाहावे. एकशिक्षकी व द्विशिक्षकी शाळांत वेगळा वेळ काढणे अवघड असते. तेथे परिपाठानंतरची पाच व सुटीनंतरची पाच मिनिटे पुरतात. आठवडाभरात पाठ झाल्यावर सातवीतील एखादी मुलगी किंवा मुलगा हा क्रम चांगला चालवितो, आणि शिक्षकांस मागे उभे राहून कोणाचे खांदे चढतात ते पाहता येते.

कार्यक्रमानंतर वर्गात मुलांशी पाच मिनिटे बोलावे. कोणता क्रमांक आला, हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी विचारावे: श्वास कोठे अपुरा पडला? गुडघे सैल राहिले का? शेजाऱ्याचा आवाज ऐकू आला का? ज्या मुलीने मागील वर्षी ओठ हलविले होते, तिने ह्या वर्षी किती ओळी गाइल्या, हे मात्र शिक्षकांनी स्वतःच्या वहीत लिहून ठेवावे. दोन ओळी असतील तर दोन. पुढील प्रजासत्ताकदिनापर्यंत त्या चार व्हावयास हरकत नाही.